चाच्यांचे किनाऱ्यावरील साथीदार : काही कायद्यांच्या शब्दरचनेची चिकित्सा

चाचेगिरीविषयक कायद्यांचे विवेचन करणाऱ्या ग्रंथांतून सामान्यतः समुद्राचाच विचार अधिक आढळतो. खुला समुद्र कशास म्हणावयाचे, तेथे कोणत्या राष्ट्राचा अधिकार चालतो, चाचा हा सर्व मानवजातीचा शत्रू का मानावयाचा, ह्या प्रश्नांवर विपुल लेखन झालेले आहे. परंतु चाचा समुद्रावर वावरत असला तरी केवळ समुद्रावर त्याचा निर्वाह होत नाही. गोडे पाणी, शिधा, दारूगोळा, शिडाचे कापड, कोणते गलबत केव्हा निघणार ह्याची बातमी, आणि लूट हाती आल्यावर ती विकत घेणारा व्यापारी, ह्या सर्व गोष्टी त्याला किनाऱ्यावरच मिळवाव्या लागतात. कायदा करणाऱ्यांच्या हे ध्यानी आले तेव्हा कायदा समुद्रावरून जमिनीवर उतरला, आणि उतरताना त्याचे स्वरूपही पालटले. जहाजावर पकडलेल्या माणसाविरुद्ध ते जहाज, शस्त्रे, लुटीचा माल आणि प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार उभे असतात. किनाऱ्यावरच्या माणसाविरुद्ध बहुधा असते ते एखादे पत्र, एखादा पैशाचा व्यवहार, कोणीतरी ऐकलेले बोलणे. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा माणूस होय. त्याला गाठण्यासाठी कायद्याने क्रियापदांमागून क्रियापदे वाढविली. त्या क्रियापदांना पेलेल असा पुरावा कोणता, ह्याचा विचार मात्र त्या मानाने फारच थोडा केला, असे आमचे मत आहे.

वास्तविक ह्या कायद्यांच्या इतिहासाचा आरंभ पुराव्याच्या प्रश्नापासूनच झालेला आहे. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत १५३६ साली इंग्लंडात जो कायदा झाला त्याच्या प्रस्तावनेत अडचण स्पष्टपणे मांडलेली आहे. तोपर्यंत समुद्रावरील गुन्ह्यांचा न्याय आरमारी न्यायालयात रोमन परंपरेच्या कायद्याने होत असे. त्या कायद्याप्रमाणे देहान्ताची शिक्षा देण्यास आरोपीचा कबुलीजबाब तरी हवा, नाहीतर गुन्हा डोळ्यांनी पाहिलेले तटस्थ साक्षीदार तरी हवेत. छळ केल्यावाचून कबुली मिळत नाही आणि साक्षीदार एकतर समुद्रात बुडविलेले किंवा खलाशी म्हणून देशोदेशी पांगलेले, अशी ही कोंडी होती. ती फोडण्यासाठी हे खटले राजाज्ञेने नेमलेल्या मंडळापुढे, देशाच्या सामान्य कायद्याने आणि ज्यूरीच्या साहाय्याने चालवावेत असे ठरले. कबुलीवाचून काम भागावे हा त्यातील हेतू लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो पुढे मुंबईच्या एका खटल्याच्या संदर्भात आपणांस आठवावा लागेल.

किनाऱ्यावरच्या साथीदारांचा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला तो सतराव्या शतकाच्या अखेरीस, आणि त्याला कारण झाला आपलाच समुद्र. १६९५ च्या सप्टेंबरात हेन्री एव्हरी ह्या इंग्रज चाच्याने, मक्केचे यात्रेकरू घेऊन सुरतेस परतणारे औरंगजेब बादशहाचे 'गंज-इ-सवाई' हे जहाज लुटले. सुरतेतील इंग्रज वखारवाल्यांना मोगल अधिकाऱ्यांनी कैदेत टाकले आणि कंपनीचा सारा व्यापार धोक्यात आला. एव्हरीच्या टोळीपैकी सहा जणांवर १६९६ साली लंडनमध्ये खटला झाला. पहिल्या ज्यूरीने त्यांना चक्क निर्दोष ठरविले, तेव्हा दुसरा आरोप ठेवून पुन्हा खटला चालवावा लागला. एव्हरी स्वतः कधीच सापडला नाही. बहामा बेटांवर नासाऊ येथे तेथील गव्हर्नर निकोलस ट्रॉट ह्याने त्याचे नजराणे स्वीकारून त्याच्या गलबताला आश्रय दिला होता. अमेरिकेतील वसाहतींच्या बंदरांत तर तांबड्या समुद्रावरच्या लुटीसाठी गलबते सजवून देणे हा प्रतिष्ठित व्यापाऱ्यांचाही धंदा होऊन बसला होता.

तिसऱ्या विल्यमच्या कारकीर्दीतील, १६९८ चा म्हणून ओळखला जाणारा कायदा ह्या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. त्यात प्रथमच जमिनीवरील साथीदारांची तपशीलवार मोजदाद आढळते. जाणूनबुजून चाच्याला गलबत सजवून देणारा, साह्य करणारा, सल्ला देणारा, तसेच चाच्याला किंवा त्याच्या मालाला मागाहून थारा देणारा, अशा सर्वांना गुन्ह्यातील साहाय्यक म्हटले आहे. खलाशांसाठी आणखी एक कलम आहे. त्यात चाच्याकडून, शत्रूकडून अथवा बंडखोराकडून फितवणारा निरोप आणणे, किंवा जहाज स्वाधीन करण्यासाठी कप्तानाशी अथवा खलाशाशी मसलत, जूट वा कट करणे हीच चाचेगिरी मानलेली आहे. हे कलम जहाजावरच्या माणसांपुरते मर्यादित होते. तेथे शिस्तीचा प्रश्न होता आणि त्या मर्यादेत ते समजण्यासारखेही होते.

१७२१ च्या कायद्याने मात्र ही मर्यादा ओलांडली. चाच्याशी मालाची देवघेव करणे, त्याला दारूगोळा वा शिधा पुरविणे, त्याच्यासाठी गलबत सजविणे, आणि तो चाचा आहे हे ठाऊक असता त्याच्याशी मसलत, जूट, कट अथवा 'संधान' करणे, ह्यांपैकी काहीही करणारा मनुष्य स्वतःच चाचा ठरला. साहाय्यक आणि मुख्य गुन्हेगार हा भेदच काढून टाकण्यात आला, आणि शिक्षा दोघांनाही फाशीची. येथे 'संधान' हा शब्द आम्ही हेतुतः योजला आहे. मूळ इंग्रजी शब्दाचा आजचा अर्थ केवळ पत्रव्यवहार असा असला तरी त्या काळी त्यात येणेजाणे, निरोप, व्यवहार ह्या सर्वांचा समावेश होत असे, आणि आपल्या जुन्या कागदपत्रांतील 'संधान' ह्या शब्दाला नेमकी तीच व्याप्ती आहे. वाक्यातील क्रियापदे क्रमाने पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. गलबत सजविणे किंवा दारूगोळा पुरविणे ही कृत्ये दिसतात, मोजता येतात, त्यांच्या पावत्या असतात. मसलतीला साक्षीदार लागतो. आणि 'संधान' हे तर कृत्यापेक्षा संबंधाचे नाव आहे. कायदा जसजसा किनाऱ्यावरून आत सरकतो तसतशी त्याची क्रियापदे अधिकाधिक अमूर्त होत जातात. 'ठाऊक असता' हे एकच बंधन त्यांना आवरून धरते. त्या बंधनाची शाबिती कशी करावयाची, ह्याविषयी कायदा अवाक्षरही बोलत नाही.

ह्या मौनाची किंमत काय पडू शकते हे पाहण्यासाठी लंडनला जाण्याचे कारण नाही. १७२१ चा कायदा झाला त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत रामा कामाती ह्याचा खटला झाला. रामा कामाती हा मुंबईतील धनाढ्य शेणवी गृहस्थ. कंपनीच्या विश्वासातला. १७१५ च्या सुमारास वाळकेश्वराचे देऊळ त्याने पुन्हा बांधविले असे सांगतात. १७१८ च्या नाताळात इंग्रजांचे नवे चर्च उघडले तेव्हा आपल्या जातबांधवांसह तो समारंभ पाहावयास उपस्थित असल्याची नोंद त्या चर्चच्या पाद्र्याने करून ठेवली आहे. त्याच वर्षी गव्हर्नर चार्ल्स बून ह्याने कान्होजी आंग्र्यांच्या खंडेरीवर मोठ्या तयारीनिशी चाल केली होती, आणि ती सपशेल फसली होती. अपयशाला कोणीतरी कारण हवे होते. मुंबईतून आंग्र्यांना बातम्या पोचतात हा संशय रामा कामातीवर येऊन ठेपला आणि १७२० साली त्याच्यावर आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवण्यात आला.

पुरावा काय होता? त्याने आंग्र्यांना लिहिले म्हणून सांगितले जाणारे पत्र आणि त्यावरील मुद्रा. ऐकीव गोष्टींच्या काही साक्षी. आणि त्याचा कारकून गोविंदजी ह्याची जबानी. ही जबानी त्या कारकुनाच्या अंगठ्यांना लोखंडी चाप लावून मिळविलेली होती. मुद्रा बनावट करता येते ही शंका निकालाला आड आली नाही. रामा कामातीला जन्मठेप झाली, त्याची मालमत्ता जप्त झाली, आणि १७२८ साली तो कैदेतच मरण पावला. ज्या पत्रांवर त्याला दोषी ठरविले ती बनावट होती असे पुढे निष्पन्न झाले. छळावाचून न्याय करता यावा म्हणून १५३६ साली इंग्रजांनी ज्यूरीची योजना केली होती. त्याच राष्ट्राच्या न्यायासनाने एकशे चौऱ्याऐंशी वर्षांनंतर, प्रत्यक्ष लुटीचा नव्हे तर केवळ संधानाचा आरोप सिद्ध करण्यासाठी, आरोपीच्याही नव्हे तर त्याच्या कारकुनाच्या अंगठ्यांना चाप लावला. मुंबईच्या न्यायालयांचा इतिहास लिहिणाऱ्या सर चार्ल्स फॉसेट ह्यांच्या १९३४ च्या ग्रंथात ह्या काळातील न्यायदानाचे विवेचन आहे. मराठी वाचकांनी ते अवश्य पाहावे.

हा खटला चाचेगिरीच्या कायद्याखाली चाललेला नव्हता, तो शत्रूशी संगनमत केल्याचा होता, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप वस्तुतः खरा आहे, आणि म्हणूनच तो महत्त्वाचा आहे. राजद्रोहाच्या आरोपात पलीकडचा पक्ष एक सत्ता आहे हे गृहीत असते. कान्होजी तर छत्रपतींचे सरखेल होते. १७१३ साली खुद्द कंपनीने त्यांच्याशी तह केला होता. त्यांच्या दस्तकावाचून कोकण किनाऱ्याने जाणारी गलबते ते धरीत, आणि पोर्तुगीजांनी दोन शतके हेच केले तेव्हा त्यांना कोणी चाचे म्हटले नाही. तरीही कंपनीच्या कागदांत आंग्रे चाचेच राहिले, आणि बिडल्फच्या १९०७ च्या ग्रंथाचे नावच मुळी मलबारच्या चाच्यांवरून दिलेले आहे. सुरेंद्रनाथ सेन ह्यांनी कान्होजींच्या पूर्वायुष्यावरील लेखनात ह्या दृष्टीचा समाचार घेतला, तेव्हा कोठे इंग्रजी ग्रंथांतील एकतर्फी सूर काहीसा उतरला. तात्पर्य, कंपनीने दोन्ही नावांचा लाभ घेतला. लढाई करताना आंग्रे चाचे, म्हणून त्यांचे दस्तक अवैध. आणि मुंबईच्या माणसाला शिक्षा करताना तेच शत्रू, म्हणून त्यांना लिहिलेले पत्र हा द्रोह. साथीदाराचा गुन्हा हा नेहमी परावलंबी असतो. मुख्य पुरुषाला कोणते नाव द्यावयाचे हे ज्याच्या हाती, साथीदाराचे भवितव्यही त्याच्याच हाती.

अमेरिकेच्या काँग्रेसने १७९० साली आपला पहिला फौजदारी कायदा केला तेव्हा १७२१ ची ही क्रियापदे जवळजवळ जशीच्या तशी उचलली. मात्र एक फरक केला आणि तो शहाणपणाचा होता. चाच्याशी मसलत वा संधान करणाराची शिक्षा तीन वर्षांच्या कैदेवर आणून ठेवली. गुन्ह्याच्या आधी प्रत्यक्ष साह्य करणारा आणि केवळ संधान ठेवणारा ह्यांत अंतर आहे, हे त्या शिक्षेने मान्य केले. ते कलम तेथील संहितेत आजही आहे, तीन वर्षांची मर्यादाही आहे.

आंतरराष्ट्रीय कायद्याने विसाव्या शतकात निराळा मार्ग धरला. १९५८ च्या जिनीव्हा करारात आणि त्यावरून १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराच्या १०१ व्या कलमात चाचेगिरीची व्याख्या तीन भागांत केलेली आहे : खाजगी हेतूने खुल्या समुद्रावर दुसऱ्या जहाजाविरुद्ध केलेली हिंसा, अटकाव वा लूट, चाच्यांचे जहाज आहे हे ठाऊक असता त्याच्या चालनात स्वेच्छेने घेतलेला भाग, आणि ह्या कृत्यांना दिलेली चिथावणी वा हेतुपूर्वक केलेले साह्य. 'खाजगी हेतू' हे शब्द आले म्हणजे कान्होजींसारख्या सत्ताधाऱ्याचा प्रश्न बव्हंशी सुटतो. 'स्वेच्छेने' हा शब्दही फार मोलाचा आहे. सोमाली चाचे मासेमारीची गलबते धरून त्यांच्यावरील कोळ्यांकडूनच ती हाकवून घेत आणि दुसऱ्या जहाजांवर हल्ले करीत. २०११ साली भारतीय नौदलाने लक्षद्वीपाजवळ सोडविलेले 'प्रांतालय' हे थाई गलबत ह्याच प्रकारचे होते. असा कोळी चाच्यांचे जहाज चालवतो, पण चाचा होत नाही. आणि 'कट' हा शब्द ह्या व्याख्येत कोठेही नाही.

त्या अनुपस्थितीला अर्थ आहे असे वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने २०१३ साली ठरविले. 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध अली' ह्या खटल्यातील आरोपी हा २००८ मध्ये एडनच्या आखातात पकडलेल्या एका डॅनिश मालवाहू जहाजावर चाच्यांच्या वतीने खंडणीची बोलणी करणारा दुभाषा होता. खुल्या समुद्रावर तो अर्धा तासही नव्हता. न्यायालयाने म्हटले की हेतुपूर्वक साह्य करणारा स्वतः खुल्या समुद्रावर असण्याची जरुरी नाही, तेव्हा तो आरोप चालू शकेल; परंतु चाचेगिरीचा कट हा आरोप आंतरराष्ट्रीय व्याख्येत बसत नाही, तेव्हा तो टिकणार नाही. निकालाचे दोन्ही भाग आम्हांस ग्राह्य वाटतात. साह्य म्हणजे काहीतरी घडलेले असते. कट केवळ ठरलेला असतो. पुढे ज्यूरीने त्या दुभाष्याला चाचेगिरीच्या आरोपातून मुक्त केले. बोलणी करणारा कोणाचा साह्यक? चाच्यांचा, की ज्यांची सुटका त्याच्या बोलण्यामुळे झाली त्या खलाशांचा? खंडणी देणारा जहाजमालकही शब्दशः पाहता चाच्यांना पैसा पुरवतोच. खंडणी देणे हे सार्वजनिक धोरणाविरुद्ध नाही असे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०११ साली म्हटले ते बरे झाले.

आता आपल्या देशाकडे वळू. १९९९ च्या ऑक्टोबरात 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज सुमारे सात हजार टन अ‍ॅल्युमिनियम घेऊन इंडोनेशियातून निघाले आणि नाहीसे झाले. त्याच्या सतरा खलाशांना तराफ्यावर सोडून देण्यात आले. दहाबारा दिवसांनी थाई कोळ्यांनी त्यांना वाचविले. नोव्हेंबरात भारतीय तटरक्षक दल आणि नौदल ह्यांनी पश्चिम किनाऱ्याबाहेर पाठलाग करून, नाव आणि निशाण बदललेले ते जहाज पकडले, तेव्हा त्यावर पंधरा इंडोनेशियन होते आणि मालाचा मोठा भाग वाटेतच विकला गेलेला होता. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ साली आरोपींना शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने २००५ साली त्यांना सोडून दिले. भारतीय दंडसंहितेत चाचेगिरी हा गुन्हाच नव्हता, आणि परक्यांनी परक्या जहाजावर खुल्या समुद्रात केलेल्या कृत्यापर्यंत तिचा हात कष्टानेच पोचत होता. ह्या उणिवेची चर्चा त्या वेळी पुष्कळ झाली. परंतु एका गोष्टीकडे फारसे कोणी पाहिले नाही. सात हजार टन धातू कोणी पंधरा खलाशी आपल्या हौसेखातर चोरत नाहीत. ज्याने खबर दिली, ज्याने जहाजाचे नवे कागद करून दिले, ज्याने माल उतरवून घेतला, त्यांच्यापैकी कोणीही मुंबईच्या आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हता.

ही उणीव भरून काढण्यासाठी संसदेने २०२२ चा सागरी चाचेगिरी प्रतिबंधक अधिनियम केला. तो आवश्यक होता ह्यात संशय नाही, आणि करारातील व्याख्या त्याने स्वीकारली हेही योग्यच झाले. आमचा आक्षेप रचनेबद्दल आहे. हेतुपूर्वक साह्य करणे हे व्याख्येतच चाचेगिरी म्हणून अंतर्भूत आहे. त्यामुळे त्याला चाचेगिरीची शिक्षा, म्हणजे जन्मठेपेपर्यंतची आणि मृत्यू घडल्यास देहान्तापर्यंतची, लागू शकते. पुढच्या कलमात प्रयत्नाबरोबर साह्य, अपप्रेरणा आणि कट ह्यांची स्वतंत्र, मुदतीच्या कैदेची शिक्षा सांगितली आहे. त्यापुढील कलमात सहभागी होणारा, संघटन करणारा आणि इतरांना त्यासाठी हुकूम देणारा ह्यांची आणखी निराळी शिक्षा आहे. आता एखाद्याने चाच्यांच्या होडीसाठी इंजिन विकत घेऊन दिले असे समजा. तो चाचा, की चाच्याचा साह्यक, की सहभागी? तिन्ही म्हणता येईल. त्याच्या गळ्यात फास पडावयाचा की काही वर्षांनी तो घरी परतावयाचा, हे आरोपपत्र लिहिणाऱ्याच्या निवडीवर राहणार. १७२१ ने साहाय्यक आणि मुख्य हा भेद उघडपणे पुसला. १७९० ने तो उघडपणे पुन्हा ओढला. आपल्या अधिनियमाने तो एका कलमात पुसला आहे आणि पुढच्या दोहोंत ओढला आहे.

दुसरा मुद्दा गृहीतकाचा. आरोपीजवळ शस्त्रे वा स्फोटके सापडली आणि तशाच प्रकारची गुन्ह्यात वापरली गेली असे मानण्यास कारण असले, किंवा बळाच्या वापराचा पुरावा असला, तर उलट सिद्ध होईपर्यंत आरोपीने गुन्हा केला असे न्यायालयाने धरून चालावयाचे आहे. विमान-अपहरणविरोधी कायद्यात ह्याच स्वरूपाची तरतूद आहे. विमानात किंवा जहाजावर सापडलेल्या माणसाला हे लावणे समजू शकते. तो तेथे का होता हे त्याने सांगावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. पण 'तशाच प्रकारची' हे शब्द किनाऱ्यावर आणून पाहावेत. बंदरातील शस्त्रविक्रेत्याच्या कोठीत तशाच प्रकारची काडतुसे असणारच, आणि आपण हेतुपूर्वक साह्य केले नाही हे त्याने कसे सिद्ध करावयाचे? हेतूच्या अभावाला साक्षीदार नसतो. रामा कामातीच्या खटल्यात मुद्रेवरून पत्र त्याचे असे धरले गेले, आणि ती मुद्रा आपली नव्हे हे सिद्ध करण्याचे काम त्याच्यावर पडले.

२०२४ च्या मार्चमध्ये नौदलाने 'रुएन' ह्या मालवाहू जहाजावर पकडलेले पस्तीस सोमाली चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या स्वाधीन केले, तेव्हा ह्याच अधिनियमाचा आधार घेण्यात आला. ते सर्व जहाजावर सापडलेले होते, तेव्हा साह्यविषयक कलमांची तेथे कसोटी लागण्याचा प्रसंग नाही. तो प्रसंग येण्यापूर्वी दुरुस्तीला अवकाश आहे. साह्य आणि चिथावणी ह्यांना व्याख्येत ठेवावयाचे असेल तर पुढच्या कलमांतून ती काढावीत, अथवा व्याख्येतील त्या भागाची शिक्षा तेथेच मर्यादित करावी. आणि शस्त्रांवरून करावयाचे गृहीतक जहाजावर वा होडीवर सापडलेल्या आरोपींपुरतेच राहील असे एक वाक्य त्या कलमाच्या शेवटी घालावे.